समोरच्या दिव्याची बाजू

सुरगाणा तालुक्यातल्या लहान बँडांमध्ये दिव्यांबाबत एक मत इतके पक्के झाले आहे की आता त्याला मत म्हणावे की रिवाज, असा प्रश्न पडावा. कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी किंवा संबळ, दोन गायक आणि पिकअपमध्ये मावेल एवढी साउंड सिस्टिम, असा पाच-सहा जणांचा संच असतो. त्याने दिवे घ्यायचे मनावर घेतले की यादी ठरलेली: रंगीत पार (लाल-हिरव्या-निळ्या चिपांचे एलईडी दिवे), जमल्यास एक शार्पी (अरुंद झोताचा फिरता दिवा), लेझर, धुराचे मशीन. समोरून चेहऱ्यावर पडणारा दिवा या यादीत नसतो. असलाच तर मंडपवाल्याने बांबूला बांधलेला पांढराफटक फोकस, आणि तोही बँडसाठी नव्हे, पंगतीसाठी.

माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. लहान बँडाचा दिव्यांवरचा पहिला रुपया समोरच्या दोन छोट्या, उबदार पांढऱ्या एलईडी दिव्यांवर पडला पाहिजे. पार त्यानंतर, शार्पी जमल्यास कधीच नाही. मात्र पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तर देण्याचा अधिकार कुणालाच नसतो, म्हणून आधी त्यांची बाजू.

ते म्हणतात, लग्नात माणसे नाचायला येतात, गायकाचे नाक-डोळे बघायला नाही. समोर पांढरा दिवा लावला की मागचे रंग धुऊन जातात आणि वाजवणाऱ्याचे डोळे दिपतात. शिवाय पारमधले लाल, हिरवे, निळे असे तिन्ही एकदम पेटवले की पांढरा मिळतोच. त्यासाठी वेगळा दिवा कशाला? समोरून उजेड ही नाटकवाल्यांची, नाशिकच्या कालिदास कलामंदिरातली चैन आहे. डोंगरातल्या पाड्यावर तिचे काय काम? आणि सर्वांत वजनदार मुद्दा पैशाचा. तो थोडा आहे, तेव्हा लांबून डोळ्यांत भरेल अशाच वस्तूवर तो घालावा. हे म्हणणारे लोक अडाणी नाहीत. रात्र रात्र उभे राहून त्यांनी धंदा केलेला आहे आणि त्यांच्या प्रत्येक मुद्द्यात अनुभवाचा अंश आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक अनुभवातून त्यांनी चुकीचा निष्कर्ष काढला आहे.

सुरुवात ‘पारचा पांढरा’ या मुद्द्यापासून करू, कारण सगळ्या गैरसमजाचे मूळ तिथे आहे. पारमधला लाल चिप साधारण ६२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो, हिरवा ५२५ च्या आणि निळा ४६० च्या. तिन्ही पेटले की भिंतीवर पांढरा दिसतो, हे खरे. पण या पांढऱ्यात मोठे भगदाड आहे. हिरवा संपतो आणि लाल सुरू होतो, त्या मधल्या पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात जवळजवळ काहीच नाही. भिंतीला त्याचे सुखदुःख नसते. माणसाच्या कातडीला असते. आपल्या गव्हाळ, सावळ्या, काळ्या कातडीचा रंग घडतो तो पिवळ्यापासून लालपर्यंत हळूहळू चढत जाणाऱ्या परावर्तनातून. मधला पट्टाच आला नाही तर कातडीने परत काय पाठवायचे? म्हणून तोच गायक पारच्या पांढऱ्यात कधी गुलाबी, कधी राखाडी, कधी आजारी हिरवट दिसतो. दोष त्याच्या रंगाचा नाही, दिव्याचा आहे. सावळ्या माणसावर ‘उजेडच चढत नाही’ अशी कुजबूज जेव्हा लाईटवाले करतात, तेव्हा त्यांनी आधी आपला पार तपासावा.

पुरावा हवा असेल तर तळहात पुरे. पारच्या पांढऱ्यात तो धरा, मग साध्या पिवळ्या बल्बखाली धरा. दुसरी खूण माइकजवळ सापडते. तीन रंगांचे चिप वेगवेगळ्या जागी बसवलेले असल्याने माइकची गायकाच्या हनुवटीवर पडणारी सावली एक नसते. कडेला लाल, निळसर, हिरवट अशा तीन-तीन सावल्या सांडलेल्या असतात. हा पांढरा आहे असे शपथेवर कोण सांगेल?

यावर उत्तर येते, ‘आमच्या पारमध्ये पांढरे चिपही आहेत.’ असतात, पण ५४ चिपांमध्ये पांढरे सहसा मूठभर. बाकीचे रंगांसाठी राखलेले. आणि खोक्यावरच्या ‘५४ गुणिले ३ वॅट’ या गुणाकाराने कुणी भारावून जाऊ नये. स्वस्त पारमध्ये ३ वॅटचा म्हणून विकलेला चिप पूर्ण ३ वॅटने चालवलेला क्वचितच असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वॅट ही खाल्लेल्या विजेची मोजणी आहे, पडलेल्या उजेडाची नव्हे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी हिरव्याला सर्वाधिक दाद देतो. ४६० च्या निळ्याला त्या शिखराच्या सुमारे सहा टक्केच. म्हणजे निळ्यावर घातलेला वॅट शोभेला चांगला, उजेडाला जवळजवळ वाया. वॅट मोजून दिवा घेणारा बँडमालक फसतो, आणि फसतो तो स्वतःच्या मोजपट्टीने.

मग घ्यायचे काय? ज्याला बाजारात सीओबी म्हणतात तो दिवा: एकाच ठिकाणी दाटीने बसवलेले चिप, त्यांवर पिवळ्या फॉस्फरचा थर. आतला चिप निळाच असतो. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते या निळ्यासाठीच. पण फॉस्फर त्या निळ्याचा बराचसा भाग गिळून पिवळ्याचा, नारिंगीचा रुंद पट्टा बाहेर टाकतो आणि पारमधले भगदाड इथे बुजते. दिव्याच्या कागदावर सीआरआय नावाचा आकडा असतो. सूर्यप्रकाशात किंवा तापलेल्या तारेच्या उजेडात रंग जसे दिसतात त्याच्या किती जवळ हा दिवा नेतो, ते तो सांगतो. ९० च्या वर असावा. त्यातही एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीचा. गडद लालसाठी आर-९ ही वेगळी नोंद असते आणि सीआरआय ८० असलेल्या दिव्याची आर-९ शून्याच्या आसपासही असू शकते. कुंकू, फेटा, नवरीचा शालू, ओठ ही सगळी आर-९ ची माणसे. दुकानदाराला हा आकडा विचारावा. त्याला तो माहीत नसेल, तर आपण काय विकत आहोत हेच त्याला माहीत नाही.

रंगाचे तापमान ३००० ते ३२०० केल्व्हिन असावे. ‘थंड’ ६५०० चा दिवा जास्त उजेड देतो असे वाटते, पण मांडवातल्या पिवळ्या माळांशेजारी तो चेहऱ्याला निळसर करून टाकतो. सुरगाण्याच्या बाजूला आणखी एक व्यवहारी कारण आहे. वळवाचा पाऊस पडून गेलेल्या रात्री पंखवाले किडे ज्या दिव्यावर तुटून पडतात तो निळसर पांढरा असतो; उबदार दिव्यावर ते कमी येतात. पट्टी लावून ‘आऽ’ म्हणणाऱ्या गायकाला याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

आता डोळे दिपण्याचा आणि रंग धुऊन जाण्याचा आक्षेप. दोन्ही गोष्टी खऱ्या घडतात. पण त्या समोरच्या प्रकाशामुळे घडत नाहीत. दिवा चुकीच्या जागी ठेवल्यामुळे घडतात. येल विद्यापीठातल्या स्टॅन्ली मॅककँडलेस याने १९३२ साली रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर छोटे पुस्तक लिहिले. त्याचा गाभा असा की नटावर दोन दिवे दोन बाजूंनी यावेत, प्रत्येक साधारण ४५ अंश उंचीवरून आणि ४५ अंश बाजूने. नाक, गाल, हनुवटी यांना आकार येतो तो त्यामुळे. गायक सरळ समोर पाहतो तेव्हा दोन्ही दिवे त्याच्या नजरेच्या डावी-उजवीकडे आणि वर राहतात. दिपणार कुठून?

मांडवात ४५ अंश उंची मिळत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. हिशेब करून पाहू. गायक जमिनीवर उभा आहे, त्याचा चेहरा दीड मीटरवर. दिवा सव्वातीन मीटर उंच स्टँडवर, आडवे अंतर ३ मीटर. कोन ३० अंशांचा येतो. ४५ नाही, पण पुरेसा आहे. या कोनात गायकाच्या डोक्याची सावली त्याच्या मागे साधारण अडीच मीटरवर जमिनीवर पडते. मागचा पडदा त्याहून लांब असेल तर सावली पडद्यापर्यंत पोचतच नाही. हाच दिवा छातीइतक्या उंचीवर ठेवला तर सगळा प्रकाश आडवा जाऊन पडद्यावर आदळतो, मागचे निळे-जांभळे पुसून टाकतो आणि गायकाच्या बुबुळात घुसतो. आणि जमिनीवर ठेवलेला पार? तो हनुवटीखालून वर मारतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो. मंगलाष्टका झालेल्या मांडवात असा चेहरा कुणाला हवा आहे?

उरलेली गळती थांबवायला दिव्याच्या तोंडाशी पत्र्याच्या झडपा मिळतात. त्या घ्याव्यात. मंद करायची कळ दिव्याच्या पाठीवरच असावी; दिवे दुरून चालवण्याच्या, १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स पद्धतीचा ५१२ चॅनेलांचा बोर्ड पाच माणसांच्या बँडाला लागत नाही, आणि तो चालवायला सहावा माणूस मात्र लागतो.

किती मोठा दिवा, याचेही उत्तर मोजता येते. वरच्या मांडणीत दिव्यापासून चेहऱ्यापर्यंतचे सरळ अंतर साडेतीन मीटर. ४० अंशांच्या लेन्सचा गोळा तिथे अडीच मीटर रुंद होतो, २५ अंशांचा दीड मीटर, आणि १० अंशांचा जेमतेम दोन फूट. एवढ्या जवळून ४० अंश हवेत. दोन्ही दिव्यांचे गोळे एकमेकांवर चढवले की चार माणसे उभी राहतात. त्या गोळ्यात लेन्समधून ४००० ल्यूमेन पडले तर सरासरी सातशे-आठशे लक्स होतात. वाचायच्या टेबलाला पाचशे लक्स पुरेसे मानतात. म्हणजे १०० वॅटचा छोटा दिवाही मंद करूनच लावावा लागेल. मात्र हाच दिवा लोकांच्या मागे, ७ मीटरवर नेला की उजेड चौथाई उरतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौपट घटतो, या नियमाला मंडपवाल्याची सूट नाही. दोनशे वॅटचा दिवा लांब लावण्यापेक्षा पन्नासचा जवळ आणि उंच लावणारा शहाणा.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो. हा जुन्या लाईटवाल्यांचा पक्ष. तो समोरचा दिवा मानतो, पण म्हणतो, ‘एलईडीला जीव नाही, हॅलोजनच बरा.’ या पक्षाबद्दल मला मनापासून आदर आहे. तापलेल्या तारेच्या प्रकाशाला रंगाच्या बाबतीत आजही तोड नाही. त्याचा सीआरआय जवळजवळ शंभर. पण कुठे? जिथे वीज पूर्ण येते तिथे. पार ६४ चे हजार वॅटचे चार दिवे म्हणजे ४ किलोवॅट, २३० व्होल्टला १७ अँपियर. घरातले मोठे सॉकेट १६ अँपियरचे. जनरेटर असला तरी त्याच्यावर आधीच ॲम्प्लिफायर बसलेले. त्यात हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरले की ते पाव भागानेही घटलेले नसते, पण उजेड निम्म्याहून खाली, ४३ टक्क्यांच्या आसपास येतो आणि चेहरा तांबूस होतो. चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर १०० ते २४० व्होल्टमध्ये तोच प्रकाश देत राहतो. शिवाय शंभर वॅटचे दोन दिवे घरच्या १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर, ती निम्मीच वापरायची ठरवली तरी, साडेतीन तास सहज निघतात. लाईट गेली, जनरेटर बसला, तरी गायक अंधारात गेला नाही. या गुणापुढे दहा टक्के ‘जीव’ सोडायला मी तयार आहे. वाचकाने ठरवावे.

‘शहरी चैन’ हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो याच मुलखात केला जातो. सुरगाणा, पेठ, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात मुखवट्यांच्या सोंगांचा बोहाडा रात्रभर चालतो. संबळ आणि पिपाणी वाजते, एकामागून एक सोंग निघते आणि त्याच्या बरोबरीने मशाल चालते. ती कशासाठी? मुखवटा दिसावा म्हणून. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा तो उजेड जवळून येतो, सोंगाच्या तोंडावर येतो, आणि त्याचा रंग आज आपण ज्याला उबदार म्हणतो त्याहूनही पिवळा असतो. पुढे बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या पेट्रोमॅक्सने आपल्याकडे गॅसबत्ती हे नाव घेतले आणि तमाशाचा बोर्ड तिच्यावर उजळला. विजेचा खांब नसताना ज्यांनी तोंडावर उजेड धरला, त्यांच्या नातवंडांना ‘समोरचा दिवा ही नाशिकची फॅशन’ असे सांगणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे होय. कालिदास कलामंदिर नंतरचे, मशाल आधीची.

‘लोक नाचायला येतात’ हा मुद्दा अर्धा मान्य करावाच लागतो. आपल्याकडे रिंगण धरून, हातात हात घालून नाच चालतो. बँड त्या रिंगणाच्या मधोमध उभा असेल तर ‘समोर’ ही दिशाच उरत नाही. तिथे माझी दोन स्टँडची मांडणी लागू नाही. उंच बांबूवरून चहूबाजूंनी सौम्य उजेड द्यावा लागेल. पण जिथे बँड एका कडेला, पिकअपच्या हौद्यात किंवा फळ्यांच्या स्टेजवर आहे, तिथे काय? १९५४ साली सम्बी आणि पोलॅक या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर शब्द कितीतरी अधिक कळतात, आणि गोंगाट जितका मोठा तितका हा फायदा मोठा. मांडवात गोंगाट किती असतो, हे मी सांगायला नको. आपल्या बँडाचा गायक कोकणी बोलीत गातो, मध्येच नवरदेवाच्या मामाचे नाव घेतो, आहेर पुकारतो. ते शब्द कळावेत म्हणून बँडमालक आणखी दोन टॉप स्पीकर विकत घेतो. ओठांवर उजेड पाडण्याचा स्वस्त उपाय त्याला कुणी सांगतच नाही.

आणि नाचणारा प्रत्येक जण हातात मोबाईल घेऊन नाचतो. पुढच्या लग्नाची सुपारी त्या व्हिडिओवरून येते, हे बँडमालकच अभिमानाने सांगतात. त्या व्हिडिओत काय असते? जांभळा धूर, हिरव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे बँड. मोबाईलचा कॅमेरा गडद निळ्या-लालपुढे गांगरतो, चेहऱ्याची सगळी तपशिलवार माहिती एका रंगाच्या डागात विरघळते. वर स्वस्त दिवा मंद केला की कॅमेऱ्यात आडवे काळे पट्टे धावू लागतात, कारण तो मंद होत नसतो, तर भराभर विझून पेटत असतो आणि त्याचा वेग कॅमेऱ्याला अपुरा पडतो. दुकानात दिवा अगदी मंद करून मोबाईलवर मिनिटभर चित्रण करावे. पट्टे दिसले की दिवा परत.

शार्पीबद्दल थोडक्यात, कारण ती अधिक वेळाच्या लायकीची नाही. तिचा झोत जेमतेम दोन-चार अंशांचा. तो दिसायला हवेत धूर टिकावा लागतो. बंद सभागृहात टिकतो. हातगडच्या वाऱ्यात टिकतो का? धूर निघतो तो थेट शेजारच्या शेतात जातो, आणि हजारो रुपयांचा झोत शिवारातल्या आंब्याच्या शेंड्यावर गोल गोल फिरत राहतो. आंब्याने काही आहेर केलेला नसतो.

राहिला पैसा. एका शार्पीच्या किमतीत असे दोन छोटे दिवे, दोन स्टँड आणि झडपा आरामात येतात. तेव्हा हा मुद्दा पूर्वपक्षाचा उरतच नाही, माझा होतो. घेताना पंख्याचा दिवा टाळावा. तो मांडवातली धूळ आत ओढतो आणि गाणे हळू झाले की घरघर ऐकू येते. पाठीला ॲल्युमिनियमच्या पात्या असलेला, स्वतःच थंड होणारा घ्यावा. जूनच्या तोंडावरची लग्ने करायची असतील तर आयपी ६५ लिहिलेला, म्हणजे धूळ आत न जाणारा आणि पाण्याचा फवारा सोसणारा. स्टँडच्या पायावर वाळूची गोणी ठेवावी आणि वायर पोरांच्या पायांतून नेऊ नये. कॅसिओच्या पेटीशेजारी हे सगळे बसते. मग जे पैसे उरतील त्यांचे पार घ्यावेत, हवे तितके निळे, हवे तितके तांबडे. ते मागे लावावेत, कडेला लावावेत; चेहऱ्यावरून हटवल्यावर त्यांच्याशी माझे काही भांडण नाही.